पंक्चर: हवा, रबर आणि शाळेची वाट

२००६ साली बिहार सरकारने नववीतील मुलींना सायकलीसाठी अनुदान देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार या योजनेमुळे मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ प्रामुख्याने शाळेपासून दूरच्या गावांत झाली. अशा वाटेवर एखादा काटा शाळेचा अख्खा दिवस बुडवू शकतो. म्हणून पंक्चरचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

हवा भरलेल्या टायरचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते. पुढे ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी तीच कल्पना सायकलीसाठी नव्याने मांडली. परंतु त्यांचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढणे हे तासन्‌तास चालणारे काम होते. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी सहज निघणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेरों यांनी तो वापरून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. दुरुस्ती वाटेतच करता येऊ लागली, तेव्हा हवेचा टायर खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला.

तरीही हवा हळूहळू निसटतच होती, कारण नैसर्गिक रबरातून वायूचे रेणू झिरपतात. १९३७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ब्यूटाइल रबरातून ही गळती जवळपास दहा पटींनी कमी होते. कमी होते, थांबत नाही.

येथेच भौतिकशास्त्र येते. सायकलीचा भार मुख्यत्वे हवेचा दाब तोलून धरतो. दाब घटला की टायर चपटा होतो आणि दगडाच्या कडेवर आदळताच ट्यूब रिम व टायर यांच्यात चिमटली जाते. तेव्हा जवळजवळ दोन छिद्रे पडतात. काट्याचे छिद्र एकच, बाहेरच्या अंगाला असते. आतल्या अंगाला छिद्र दिसले, तर स्पोकचे टोक किंवा रिमवरची सरकलेली पट्टी तपासावी. छिद्राची जागाच कारण सांगते.

उपायही साधे आहेत. आठवड्यातून एकदा, टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी. ट्यूब बसवण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून रुतलेला काटा काढावा. अन्यथा तोच काटा नव्या ट्यूबलाही भोसकतो.

सायकल दिली म्हणजे वाट सुकर झाली, असे नाही. शाळेच्या आवारात एक पंप आणि ठिगळाचे साहित्य असणे, हाही त्याच योजनेचा भाग मानला पाहिजे.