पैठणीसोबत पर्सही विकावी का? छोट्या ऑनलाइन धंद्यातल्या स्वस्त जोड-वस्तूचं गणित

इन्स्टाग्रामवर पैठणी विकणाऱ्या कोणत्याही छोट्या पेजच्या कमेंट्स उघडून बघा. फोटोवर शेकडो लाइक्स असतात. खाली 'प्राईस प्लीज' लिहिणाऱ्यांची रांग असते. विक्रेती इनबॉक्समध्ये वीस हजार असा आकडा पाठवते आणि पलीकडून सगळं शांत होतं. फार तर एक मेसेज येतो, "ताई, सेमी आहे का?"

हे सगळे लोक टाइमपास करत नसतात. त्यांना पैठणी खरंच आवडलेली असते, फक्त आत्ता वीस हजार खर्च करायचे नसतात. पेज चालवणाऱ्याला इथे एक प्रश्न पडतोच, की या लोकांना परवडेल अशी एखादी छोटी वस्तू आपण का ठेवू नये?

कल्पना चांगली आहे. पण अशा वस्तूने काही धंदे वाढतात आणि काहींची आहे ती विक्रीही घटते. फरक कुठे पडतो, ते पैठणीच्याच उदाहरणावरून समजून घेऊया.

सेमी ठेवायची की पर्स?

स्वस्त वस्तू दोन प्रकारची असते. एक म्हणजे त्याच वस्तूची हलकी आवृत्ती, इथे पॉवरलूमवर विणलेली 'सेमी पैठणी'. दुसरी म्हणजे त्याच जगातली, पण वेगळ्या कामाची वस्तू. पर्स, मोबाइल पाऊच, राखी, दागिन्यांचा बटवा वगैरे.

सेमी ठेवणं सोपं वाटतं, कारण मागणी समोर दिसत असते. अडचण पुढे येते. एकाच पेजवर वीस हजारांची आणि अडीच हजारांची साडी शेजारी दिसली की प्रत्येक ग्राहक विचारतो, "दोन्हींत फरक काय?"

फरक मोठा आहे. येवला किंवा पैठणच्या हातमागावर पदरातला मोर, मुनिया, असावली ही नक्षी रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवत विणली जाते. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागे धाग्यांचं जाळं लोंबतं किंवा कापलेली टोकं दिसतात. साध्या कामाची पैठणी काही आठवड्यांत होते. भरगच्च पदराला काही महिने, कधी वर्षही लागतं.

पण मोबाइलच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे दोन्ही मोर सारखेच. म्हणजे आजवर 'ही किती सुंदर आहे' असं सांगणाऱ्या विक्रेतीला आता 'ही इतकी महाग का आहे' हे समजावत बसावं लागतं. वीस हजार देणारा ग्राहकही शंका घ्यायला लागतो. अर्थात सेमी विकण्यात गैर काही नाही, तो स्वतंत्र आणि मोठा बाजार आहे. पण अस्सल हातमाग ही ज्या पेजची ओळख आहे, त्याने ती तिथेच शेजारी मांडणं म्हणजे स्वतःच्या दुकानासमोर स्वतःच स्पर्धक उभा करणं.

पर्सचं तसं होत नाही. पर्स घेतली म्हणून साडीची गरज भागत नाही. तुलनाच होत नाही.

पाच डॉलरचा कॉम्प्युटर

हाच पेच पैठणीपासून खूप लांबच्या एका धंद्यालाही पडला होता. ब्रिटनमध्ये २०१२ साली 'रास्पबेरी पाय' नावाचा हाताच्या तळव्याएवढा कॉम्प्युटर ऑनलाइन विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं यासाठी तो बनवला होता आणि फार तर दहा हजार नग खपतील असा बनवणाऱ्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. मागणी लाखांत गेली.

पुढे काय करायचं, यावर विचार महाग आणि जास्त ताकदीच्या मॉडेलकडे झुकत होता. तेव्हा गूगलचे एरिक श्मिट यांनी उलट स्वस्ताकडे जाण्याचा सल्ला दिला, असं या कंपनीचे एबेन अप्टन यांनी नंतर सांगितलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आला 'पाय झिरो', किंमत फक्त ५ डॉलर. कंपनीच्या 'मॅगपाय' मासिकाच्या छापील अंकासोबत तर तो फुकट मिळाला. स्टॉक लगेच संपला आणि पुढे बराच काळ दुकानं एका ग्राहकाला एकच नग देत होती.

मग ३५ डॉलरचं मॉडेल बंद पडलं का? नाही. सप्टेंबर २०१६ पर्यंत रास्पबेरी पायची एकूण विक्री एक कोटीवर गेली होती. कारण झिरो हा मोठ्या पायचा गरीब भाऊ नव्हता. त्याला नेटवर्क केबलची जागा नव्हती, पूर्ण आकाराचे यूएसबी पोर्ट नव्हते. टेबलावर ठेवून शिकायला मोठा बरा होता, तर एखाद्या खेळण्याच्या किंवा यंत्राच्या पोटात बसवायला छोटा. दोघांची कामंच वेगळी होती.

या गोष्टीत आणखी एक बाब लपलेली आहे. पाच डॉलरची वस्तू घरी मागवायला अनेकदा तिच्या किमतीइतकं किंवा जास्त टपालच पडायचं. छोटे ऑनलाइन धंदे नेमके इथेच अडकतात.

४९९ रुपयांतून हातात किती?

समजा, पर्सची किंमत ४९९ रुपये ठेवली. कापड आणि शिलाई २००, कुरिअर ७०, बॉक्स २५, पेमेंटचं शुल्क १०. उरले १९४. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. आता ही ऑर्डर पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून आली आणि एका ऑर्डरमागे जाहिरातीवर १५० रुपये गेले, तर हातात राहिले ४४.

त्यात कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर आणखी पंचाईत. दहा पार्सलांपैकी दोन दारातून परत आली असं धरा. परत आलेल्या प्रत्येक पार्सलवर जाण्या-येण्याचं कुरिअर १४०, बॉक्स २५ आणि जाहिरात १५०, म्हणजे ३१५ रुपये बुडाले. दोघांचे ६३०. उरलेल्या आठ पर्सवर मिळाले ३५२. म्हणजे दहा ऑर्डरी घेऊन, दहा बॉक्स चिकटवून, दहा जणांना ट्रॅकिंग नंबर पाठवून २७८ रुपयांचा तोटा!

साडीत हे जाणवत नाही. वीस हजारांच्या व्यवहारात कुरिअरचे शंभर-दीडशे रुपये कुठेच लागत नाहीत. म्हणून साडी विकून तयार झालेली विक्रेती पर्सचा भाव ठरवताना हमखास फसते. त्यातून वेळेचा हिशेब वेगळाच. "निळ्या रंगात आहे का", "चेन कशी आहे" हे प्रश्न ४९९ च्या वस्तूलाही तितकेच येतात, किंबहुना जास्तच.

मग पर्स विकायचीच नाही का? विकायची, पण एकेकटी नाही. साडीच्या पार्सलमध्ये पर्स टाकली तर वेगळं कुरिअरही नाही आणि जाहिरातही नाही. जुन्या ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप यादीवर टाकली तरी जाहिरातीचा खर्च वाचतो.

आणि आपल्याकडे तर घाऊक विक्रीसाठी एक तयार मुहूर्तच आहे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू. वाण म्हणून एका घरी २५ पर्स जातात. भाव ३९९ पर्यंत खाली आणला तरी ९,९७५ रुपये येतात. माल ५,०००, कुरिअर ३००, बॉक्स १००, पेमेंट शुल्क २०० वजा केलं तर ४,३७५ उरतात, म्हणजे पर्समागे १७५. एकच पत्ता, एकच पार्सल. लग्नातल्या आणि बारशाच्या परतभेटींचंही असंच.

कोकणातल्या हापूसवाल्यांकडे जोड-वस्तूचं वेगळं काम दिसतं. आंब्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा, बाकी वर्षभर पेज सुनं. आंबापोळी आणि आमरसाचे डबे तिथे रिकामे महिने भरून काढतात.

पर्सवर 'पैठणी' लिहायचं का?

हा मुद्दा बहुतेक जण उडवून लावतात. एक साधा हिशेब करा. १५,००० रुपयांची हातमागाची साडी साडेपाच मीटर धरली तर मीटरला सुमारे २,७०० रुपये पडतात. पर्ससाठी जेमतेम वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरची पट्टी घेतली तरी नुसतं कापडच ५४० च्या पुढे जातं. मग ३००-४०० ची 'पैठणी पर्स' अस्सल हातमागाच्या नव्या कापडाची असणं जवळपास अशक्य. ती पॉवरलूमच्या काठाची असते, किंवा जुन्या, विरलेल्या साडीतून कापलेली.

दोन्हीही विकता येतात, फक्त तसं लिहायला हवं. 'पैठणी काठाची पर्स, कापड पॉवरलूमचं' इतकं पुरतं. जुन्या साडीची असेल तर ते सांगितल्याने उलट भाव वाढू शकतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्या संदर्भातल्या १९९९ च्या कायद्यात मानांकनाचा खोटा वापर केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ती बाजूला ठेवली तरी पर्सच्या बाबतीत खोटं सापडलेलं गिऱ्हाईक त्याच पेजवरून वीस हजारांची साडी कशाला घेईल?

फायदा झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

पर्स किती विकल्या यावरून ते कळत नाही. पाहायचं ते हे, की पर्स घेतलेल्यांपैकी किती जणी पुढे साडीसाठी आल्या, आणि पर्स आल्यानंतर साड्यांची विक्री घटली तर नाही ना. पैठणी कुणी दर महिन्याला घेत नाही. घरात लग्न निघालं की घेतली जाते. त्यामुळे किमान दोन लग्नसराया तरी थांबावं लागतं. त्यासाठी वहीत किंवा एक्सेलमध्ये नाव, तारीख, काय घेतलं आणि कुठून कळलं हे चार रकाने पुरतात. काही जणी पर्सच्या आत एक छोटं कार्ड घालतात, त्यावर अस्सल पैठणीचा पदर उलटा करून कसा तपासायचा ते छापलेलं असतं. अशा कार्डाला साधारण दोन रुपये खर्च येतो.