खुराड्याची मालकी

ब्रह्मनाळाजवळ येरळा कृष्णेला मिळते, तेथपासून कुंडलच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या, पूर्वी तासगावात मोडणाऱ्या आणि पुढे पलूस या नावाने स्वतंत्र झालेल्या तालुक्याचा इतिहास लिहू म्हणणाऱ्याला साधनांची वानवा भासत नाही. औंध संस्थानचे दप्तर आहे, निवडुंगाने माजलेल्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या कारखान्याची कथा आहे, प्रतिसरकारच्या आठवणी आहेत, आणि कऱ्हाडाजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून निघून या मुलखापर्यंत पोचणाऱ्या कृष्णा कालव्याचे सरकारी कागदही आहेत. मात्र गावातल्या प्रत्येक उकिरड्यावर सकाळसंध्याकाळ वावरणाऱ्या कोंबडीचा उल्लेख या सगळ्या कागदांत अभावानेच आढळतो. जमाबंदीच्या अंमलदारांनी जमिनीची प्रत ठरवली, विहिरी नोंदल्या, झाडे मोजली. खुराड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, कारण खुराड्यावर सारा बसत नव्हता. 1919 सालापासून सुरू झालेल्या पंचवार्षिक पशुगणनेत तिला एक रकाना मिळाला खरा, पण त्या रकान्यात आकडा भरला जातो, मालकाचे नाव नव्हे; आणि मला सांगायचे आहे ते त्या नावाविषयीच.

आज सांगली, तासगाव, विटा अशा कोणत्याही वाटेने पलुसात शिरावे, धाब्याच्या पाटीवर ‘गावरान’ हा शब्द ठळकपणे लिहिलेला दिसतो, आणि ब्रॉयलरच्या (ज्याला आपल्याकडे सरसकट बॉयलर म्हणतात) दुपटीहून अधिक दाम मोजून गावठी कोंबडी खाणारा गृहस्थ आपण वाडवडिलांच्या आहाराकडे परतलो अशा समाधानाने हात धुतो. हे समाधान तपासून पाहण्याजोगे आहे. वाडवडील कोंबडी खात होते हे खरे; परंतु ते ती किती वेळा खात, कोणाच्या परवानगीने खात आणि ती मुळात कोणाची असे, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

शेत नवऱ्याच्या नावावर, बैल सासऱ्याच्या हुकमतीत, म्हशीचे दूध सगळ्या घराचे, पण खुराड्यातली कोंबडी बाईची, हा अलिखित निवाडा या भागातल्या बहुतेक शेतकरी घरांत बिनतक्रार मान्य होता. ज्या स्त्रीच्या नावावर सातबाऱ्यात एक गुंठाही नव्हता तिची ही एकमेव स्वतंत्र दौलत. भुसा पसरलेल्या पाटीत अंडी मांडून ती आठवड्याच्या बाजाराला जाई, आणि परतताना मीठ, तेल, काकणे, लेकराला शेवचिवडा असे जे काही आणी त्याचा हिशेब कोणी तिला विचारत नसे. या दौलतीला भांडवल असे लागतच नव्हते. खळ्यावर सांडलेली ज्वारी, उकिरड्यातले किडे, परड्यातला पाला यांवर कोंबडी स्वतःचे पोट भरी, आणि दिवेलागणीला डालग्याखाली झाकली की तिची सगळी चाकरी संपे. अर्थात उत्पन्नही त्याच मापाचे. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी घाली, त्यांतली काही खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवली जात, एकवीस दिवसांनी पिले निघत, आणि त्या पिलांवर घार, मुंगूस, बोका यांचा हक्क मालकिणीच्या आधी पोचे. एखाद्या वर्षी मानमोडी आली, जिला पशुवैद्य राणीखेत म्हणतात, की आठवड्याच्या आत वस्तीतली सारी खुराडी ओस पडत. जिच्याकडे काहीच नसे तिला शेजारीण एखादी तलंग अर्धलीने देई. सांभाळायची हिने, आणि निघालेली पिले दोघींनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. शेळीचाही हाच शिरस्ता होता. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही हा करार मोडल्याची भांडणे मी फारशी ऐकलेली नाहीत.

अशी कोंबडी उगीच कापली जात नसे. तिच्या मानेवर सुरी फिरायची ती जावई आला, बाळंतिणीला ताकद हवी झाली, म्हसोबाचा नवस फेडायचा झाला किंवा मरीआईला कोंबडे बोललेले असले तर. त्यातही हा प्रदेश दत्तसंप्रदायाचा. औदुंबरचे क्षेत्र याच तालुक्यात, पलुसात धोंडीराज महाराजांचे मंदिर, आणि घरोघर कोणी ना कोणी माळकरी. गुरुवार गेला, सोमवार गेला, एकादशी गेली, श्रावण तर पूर्ण गेला. उरलेल्या वारांत पाहुणा आणि पैसा यांची गाठ पडेल तेव्हा चुलीवर वशाट शिजे. कोंबडी सोलण्याची चालही आजच्यासारखी नव्हती. पिसे उपटायची, अंगाला हळद फासायची आणि जाळावर धरून भाजायची, म्हणजे कातडीसकट तिचा स्वाद रश्श्यात उतरे. ती शिजायला बराच वेळ घेई. पहिली उकळी आली की मीठ-हळदीचे अळणी पाणी वाटीत काढून लेकरांना आणि आजाऱ्याला द्यायचे, मग त्यात वाटण, येसूर आणि कांदा-लसणाची चटणी घालून रस्सा इतका वाढवायचा की एका कोंबडीत दहा-बारा माणसांची पंगत उठावी. प्रत्येकाच्या ताटात फोड एखादीच येई. भाकरी बुडवायला रस्सा मात्र पोटभर. गोऱ्या साहेबाचा मुक्काम जवळपास पडला की सरबराईच्या नावाखाली याच खुराड्यांतून कोंबड्या नि अंडी उचलली जात, आणि ज्या दप्तराने कोंबडीची कधी दखल घेतली नव्हती त्याच दप्तराचा शिपाई तिला बिनदिक्कत बगलेत मारून नेई.

बकऱ्याच्या मटणाची व्यवस्था निराळी, आणि ती अधिक पुरुषी होती. गावात मुलाणी होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाड्या’त ज्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे तिच्यातली मुलाणकी हे त्याचे वतन, आणि मराठ्याच्या घरचे बकरे असले तरी सुरी त्याच्याच हातची लागे. जत्रा किंवा आखाड आला की पाचदहा घरे मिळून एक बकरे ठरवीत, आणि पाणंदीच्या कडेला पळसाच्या पानांवर वाटे पडत. वाटा घालणारा माणूस निवडताना त्याच्या नजरेवर गावाचा भरवसा असावा लागे, कारण प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा, चरबी, नळी, बरगडी आणि मऊ मांस यांचे प्रमाण सारखे पडले पाहिजे, कोणाला नुसते हाड नि कोणाला नुसते मऊ मांस असे होता कामा नये. तराजू नव्हता, तरी न्याय होता. हे बकरे येई कोठून, तर घरच्या दावणीचे, नाहीतर धनगराच्या वाड्यातले. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ चाऱ्यापाण्यासाठी कृष्णाकाठाला उतरत आणि कापणी झालेल्या रानात वाघूर लावून मेंढरे बसवीत. त्या लेंडीखताचा मोबदला धान्यात मिळे. त्याच वाड्यावर खाटीक येई, कोकराच्या कंबरेवर बोटे दाबून मांसाचा अंदाज घेई आणि उकता सौदा करी. जत तालुक्यातली पोपटासारख्या बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी आजही आटपाडीच्या कार्तिकी जत्रेत अशाच नजरेने पारखली जाते. फरक इतकाच की आता तिच्या नरांचे दाम लाखांत पुकारले जातात, आणि ते खाण्यासाठी कोणी घेत नाही.

ही घडी मोडली ती परदेशातल्या एका चुकीच्या पार्सलाने, असे म्हटले तर त्यात थोडी अतिशयोक्ती होईल, फार नाही. 1923 साली अमेरिकेतल्या डेलावेअर प्रांतात सेसिल स्टील नावाच्या शेतकरीणबाईने अंड्यांसाठी पन्नास पिले मागवली होती, ती चुकून पाचशे आली. तिने ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली, आणि निव्वळ मांसासाठी कोंबडी पाळण्याचा धंदा तेथून फोफावला. म्हणजे तिकडेही आरंभ बाईच्या खुराड्यातूनच झाला. 1948 साली तेथे ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याची देशव्यापी स्पर्धा झाली आणि भरदार छातीचे, झपाट्याने वाढणारे वाण निवडले गेले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सरकारने पांढरा लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड असे विलायती कोंबडे गावोगाव वाटले. 1962 साली जिल्हा परिषदा आल्यावर पंचायत समितीचे पशुवैद्यक खाते हे काम पाहू लागले, आणि कोल्हापूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून पिले येऊ लागली. हेतू प्रामाणिक होता, कारण कुपोषण खरे होते. परंतु खरा पालट घडवला तो खाजगी उद्योगाने. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुणे हे या उद्योगाचे एक मोठे केंद्र बनले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस करारावरच्या कुक्कुटपालनाची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात स्थिरावली.

या पद्धतीतला करार वाचण्यासारखा असतो. पिलू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरलेला पक्षी उचलून नेणारी गाडीही कंपनीचीच. शेतकऱ्याने आपल्या रानात जाळीचे शेड उभारायचे, भाताचे तूस अंथरायचे, वीजबिल भरायचे, रात्रीअपरात्री उठून पडदे सोडायचे आणि किलोमागे ठरलेली संगोपनाची रक्कम घ्यायची. बाजार पडला तर झळ कंपनीला, हे या कराराचे मोठे आकर्षण, आणि 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला किंवा 2020 च्या आरंभी कोंबडीतून करोना होतो अशी आवई उठली तेव्हा करारातले शेतकरी इतरांपेक्षा सुखात राहिले, हे नाकारता येत नाही. उसासाठी कारखान्याच्या तारखेची वाट पाहणाऱ्या आणि द्राक्षांसाठी अवकाळीची धास्ती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दर दीडदोन महिन्यांनी हाती रोख देणारा हा जोडधंदा वाटला तर नवल नाही. पण त्याच्या मालकीच्या जमिनीवर, त्याच्या कर्जाच्या छपराखाली वाढणाऱ्या हजारो पक्ष्यांतला एकही त्याचा नसतो. पाहुणा आला म्हणून त्यातला एक कापायचा तरी हिशेबात मरतूक दाखवावी लागते.

म्हणून ‘स्थानिक’ या कसोटीवर मांस निवडू पाहणाऱ्याची आपल्याकडे पंचाईत होते. युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासमोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, शीतगृहातून आलेले मांस असते, आणि त्याला पर्याय म्हणून तो गावातल्या शेतकऱ्याकडे जातो. पलुसातल्या गिऱ्हाइकासमोर मात्र पिंजऱ्यातली जिवंत कोंबडी असते, ती त्याच्या डोळ्यांदेखत कापली जाते, आणि तिचे शेड बहुधा मैल-दोन मैलांवर असते. अंतराच्या मापाने याहून स्थानिक काय असणार? तरीही तिचे वाण, तिच्या खाद्यातला मका नि सोयापेंड यांचे मिश्रण, तिला पाजलेले औषध आणि तिच्या विक्रीचा दिवस हे सारे दूरच्या कचेरीत ठरलेले असते. कोलिस्टिनसारखे, माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायचे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर केंद्र सरकारला 2019 साली बंदी घालावी लागली, ती याच दूरच्या कचेऱ्यांमुळे.

त्याच 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ पाण्याखाली गेली, ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे दगावली, आणि अशा पुरात डालगे उचलून माळवदावर नेता येते, हजारोंचे शेड नेता येत नाही, हेही दिसले. पूर ओसरतो न ओसरतो तोच शेजारच्या इस्लामपुरात कडकनाथ प्रकरण फुटले. काळ्या मांसाच्या या कोंबडीला 2018 साली मध्य प्रदेशातल्या झाबुआचे म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले होते. तिचे संच मोठ्या रकमेला विकून अंडी नि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे वचन देणारी कंपनी गाशा गुंडाळून पसार झाली, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या शेडांत खाद्याविना कोंबड्या मरू लागल्या. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेचा ताफा सांगली जिल्ह्यातून जात असता आंदोलकांनी त्याच्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकल्या. येथे मालकी तर शेतकऱ्याकडे पुरेपूर होती. नव्हती ती गरज. शहराला ‘देशी’ हवे आहे या एका समजुतीवर कर्ज काढून घेतलेला तो पक्षी गावच्या आठवडी बाजारात त्या भावाने कोणालाच नको होता.

मग धाब्यावरची गावरान कोंबडी कोठून येते? थोडी खरोखरच वस्तीवरून येते. बरीचशी रंगीत पिसांच्या, शेडातच पण जरा सावकाश वाढवलेल्या संकरित पक्ष्यांची असते. यात खाणाऱ्याची फसवणूक होत असेल, पण माझ्या मते त्याहून मोठी फसवणूक त्याच्या मागणीतच आहे. जी वस्तू वर्षातून पाचसहा वेळा मिळावी अशा बेताने निपजत होती ती दर रविवारी मिळावी म्हटले, की तिचे शेड होणारच. शिवाय ती निपजण्याची जागाही आता उरलेली नाही. खळी गेली, कारण मळणी यंत्रावर होते; गायराने आकसली; द्राक्षबागेत मोकळी कोंबडी कोणी शिरू देत नाही, आणि शिरलीच तर फवारणीने मरते. तिला बांधून पाळले तर खाद्य विकत द्यावे लागते, आणि मग दुप्पट दामही परवडत नाही.

तरीही वस्त्यांवर, विशेषतः बचत गटांच्या बायकांत, कोंबडी पुन्हा दिसू लागली आहे. ही बहुधा बंगळूरची गिरिराज किंवा हैदराबादची वनराज. परसात फिरते, रोगाला सहजी बळी पडत नाही, गावठीहून दुपटीने अंडी देते आणि वजनालाही भरते. तिच्यात एकच उणीव आहे. अंडी वाढवण्याच्या निवडीत तिचे खुडूक बसणे जवळजवळ नाहीसे झाले, त्यामुळे पिले दरवेळी केंद्रातून विकत आणावी लागतात, आणि घरच्या अंड्यांतून काढलेली पिढी तितकी गुणी निघत नाही हे माहीत असूनही बायका ती अंडी फुकट घालवायला तयार नसतात. तेव्हा ज्या घरी एखादी अस्सल गावठी खुडूक असेल तिकडे शेजारणी पदराखाली आठदहा अंडी घेऊन येतात, पेन्सिलीने खूण करून ती तिच्याखाली सारतात, आणि एकविसाव्या दिवशी जितकी पिले फुटतील त्यांतली निम्मी खुडूकवालीची.