कायद्याचे शिक्षण आणि कामगारांचे प्रश्न : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात विधी सहाय्य केंद्रात प्रत्यक्ष काम कसे मिळेल

दापोडी, भोसरी, निगडी, देहूरोड, चाकण या भागातून आपली अनेक मुले-मुली आज एलएलबीला प्रवेश घेत आहेत. बहुतेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी वकील झालेले नाही. वडील कंपनीत कामाला, आई पॅकिंगला नाहीतर घरकामाला. ही मुले अभ्यासात मागे पडत नाहीत, अडतात ती इंटर्नशिपपाशी. ओळखीचा वकील नसतो, मुंबईत महिनाभर बिनपगारी राहणे परवडत नाही. मग कुठून तरी प्रमाणपत्र मिळवून डायरी भरली जाते आणि वकीलपत्र कसे भरतात हे न पाहताच सनद हातात येते. त्याच वस्तीत, त्याच गल्लीत कंपनीने ‘ब्रेक’ दिलेला कंत्राटी कामगार हातातले कागद कोणाला दाखवावेत या विचारात आठवडे घालवत असतो. या दोघांची गाठ घालून देण्याची सोय कायद्यात आहे, पण ती वापरली जात नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कॉलेजवरचे बंधन

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजने विधी सहाय्य केंद्र, म्हणजे लीगल एड क्लिनिक, सुरू करून चालवायचे असते. केंद्रावर ज्येष्ठ प्राध्यापकाची देखरेख असावी, ते अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवावे, विधी सेवा प्राधिकरणाचे सहकार्य घ्यावे आणि मदत करायला तयार असलेल्या वकिलांची यादी ठेवावी, असे नियम सांगतो. त्यातली एक ओळ आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. कॉलेजचे विद्यार्थी ज्या परिसरातून येतात त्या परिसरातल्या संस्थांना बरोबर घ्यावे, असेही त्यात म्हटले आहे. कॉलेज पुण्यात असले आणि विद्यार्थी भोसरी-चाकणचे असले, तर केंद्राचे काम भोसरी-चाकणमध्ये व्हावे ही मागणी नियमाला धरूनच आहे.

याच नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. ती मोठ्या फर्ममध्येच झाली पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. स्वयंसेवी संस्था, खटला चालवणारे वकील, न्यायालये, स्थानिक स्वराज्य संस्था ही सगळी ठिकाणे चालतात. म्हणजे महापालिकेचा विधी विभाग किंवा राजगुरुनगर न्यायालयात रोज उभे राहणारे वकीलसाहेब हेही तितकेच चालतात. आमच्या मते पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तिथे जास्त शिकायला मिळते, कारण तिथे अर्ज त्याच्याच हाताने लिहून घेतला जातो.

फुकट वकील कोणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ प्रत्येक विद्यार्थ्याने तोंडपाठ करावे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, महिला, बालक, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक आपत्तीचे बळी आणि औद्योगिक कामगार या सर्वांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. या गटांना उत्पन्नाची अट नाही. ती अट या गटांत न बसणाऱ्यांसाठी आहे. चाकणच्या शेडमध्ये काम करणारी बौद्ध महिला या यादीत तीन वेळा बसते : महिला म्हणून, कामगार म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणून.

बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीचा हक्क राहतो का, हा प्रश्न आजही वस्तीत विचारला जातो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि त्यात बौद्धांचा समावेश झाला. अडचण येते ती दाखल्यावरच्या नोंदीत. शाळेच्या दाखल्यावर एक, वडिलांच्या कागदावर दुसरे, असे असेल तर ते जुळवून देणे हे केंद्रात बसणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिल्या महिन्यातले उत्तम काम आहे.

विद्यार्थ्याने काय करायचे, काय नाही

सनद मिळेपर्यंत विद्यार्थी न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकत नाही, वकीलपत्रावर सही करू शकत नाही आणि स्वतःच्या नावाने कायदेशीर सल्ला देणेही त्याने टाळावे. सल्ला मार्गदर्शक वकिलाने द्यायचा. विद्यार्थ्याने माणसाचे ऐकायचे, तारखांचा क्रम लावायचा, कागद गोळा करायचे, अर्जाचा मसुदा करायचा, कोणते कार्यालय ते शोधायचे आणि माणसाला तिथपर्यंत न्यायचे. हे काम दुय्यम आहे असे ज्याला वाटते त्याने पुण्यातल्याच एका खटल्याकडे पाहावे. १९९४ च्या एका हत्याकांडात नारायण चौधरी याला फाशीची शिक्षा झाली होती. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने त्याची बाजू लावून धरली. राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेतली जन्मतारखेची नोंद न्यायालयापुढे आली. त्या नोंदीत नाव निरानाराम असे होते, त्यामुळे दोन्ही नावांचा माणूस एकच हेही दाखवावे लागले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते हे मान्य करून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीतही सगळे कागदावरच अडते. नेमणूक पत्र नाही, पगार कधी खात्यात तर कधी हातात, ठेकेदार दर वर्षी बदललेला, गेट मात्र तेच. मग पुरावा कशाचा द्यायचा? पीएफचे पासबुक काढा, त्यात महिनावार कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते दिसते. ईएसआयचा विमा क्रमांक, गेटपास, कंपनीच्या बसचा पास, कॅन्टीनचे कूपन, ड्युटीचा तक्ता पाठवलेला व्हॉट्सॲप ग्रुप, सुपरवायझरचे मेसेज, बँकेतली पगाराची नोंद हे सारे तारखेनुसार लावून एका पानाचा गोषवारा केला की वकिलाचे निम्मे काम होते. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही झाली असेल तर त्याची प्रत मिळते का तेही पाहावे.

आणि तारीख मोजावी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. कामावरून काढलेला माणूस पहिले दोन महिने ‘परत बोलावतील’ या आशेवर घालवतो. त्यानंतर गावी जाऊन येतो. तो विचारायला येईपर्यंत ९० दिवस उलटलेले असतात. केंद्र वस्तीत असेल तर हा माणूस दुसऱ्याच आठवड्यात येऊ शकतो, म्हणून आम्ही जागेचा आग्रह धरतो.

कंत्राटी कामगारांसाठी आणखी एक गाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या सिपला प्रकरणात म्हटले की, मूळ कंपनी ‘हे आमचे कामगारच नाहीत’ असे म्हणत असेल तर तो वाद या १९७१ च्या कायद्याखाली सुटणार नाही. आधी ते नाते सक्षम न्यायाधिकरणापुढे सिद्ध व्हावे लागते. त्यामुळे कोणाविरुद्ध, कोणत्या कायद्याखाली आणि कोठे दाद मागायची हे पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक वकिलाकडून ठरवून घ्यावे. चुकीच्या दारात गेलेली दोन वर्षे कामगाराला परत मिळत नाहीत. शिवाय पुण्याच्या कामगार न्यायालयातली प्रत्येक तारीख म्हणजे त्याचा एक खाडा.

आता पुस्तके बदलावी लागतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक विवाद कायदा, कारखाने कायदा, कंत्राटी कामगार कायदा, किमान वेतन कायदा ही नावे अनेक नोट्समध्ये अजून तशीच आहेत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचे आहे, काम सुटल्यावर थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे आणि वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाची जबाबदारी कायम आहे. केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी जुनी कलमे आणि नवी कलमे समोरासमोर मांडलेला मराठी तक्ता केला, तर त्याचा उपयोग कामगारांनाच नव्हे, अनेक वकिलांनाही होईल.

पगाराशिवायची कामे

कामावर अपघात झाला की पहिला प्रश्न : ईएसआय कापला जात होता का? हो असेल तर लाभ महामंडळाकडून मिळतात आणि मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. नसेल तर मालकावर भरपाईचा दावा. तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागून महिला कामगारांचा होरपळून मृत्यू झाला. अशा जागी हजेरीपट मिळण्याची आशा धरू नये. तिथे शेजारणीचा आणि सोबत काम करणाऱ्यांचा जबाब लवकर लिहून घेणे हाच पुरावा ठरतो.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरून झालेल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. कायम अपंगत्वासाठी किमान २० लाख. मोठमोठ्या सोसायट्यांच्या या पट्ट्यात हा आकडा प्रत्येक सफाई कामगाराच्या घरी माहीत असायला हवा.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास तक्रारीची मुदत तीन महिने. दहापेक्षा कमी कामगारांच्या युनिटमध्ये अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरीही तिकडेच.

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात आपल्या कार्यकर्त्यांची गल्लत होते ती हद्दीची. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाले आणि चाकण पोलीस ठाणे पुणे ग्रामीणमधून तिकडे गेले. त्यामुळे तपास सहायक पोलीस आयुक्तांकडे जातो, पण चाकणचे महसुली आणि न्यायालयीन काम खेड तालुक्याचे, म्हणजे राजगुरुनगरचे. गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आरोपपत्र ६० दिवसांत यायला हवे. जामिनासह प्रत्येक टप्प्यावर पीडिताला कळवले गेले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हा कलम १५ए चा हक्क आहे. ही ६० दिवसांची वही ठेवणारा एक विद्यार्थी प्रत्येक प्रकरणामागे असावा.

सुरुवात कुठून करायची

पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयात आहे. चाकणसाठी खेडची तालुका विधी सेवा समिती. लॉचे विद्यार्थी सनद मिळेपर्यंत प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटिअर होऊ शकतात. मोफत मदतीचा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

केंद्रासाठी जागा म्हणून आमची पसंती विहारांना आणि समाजमंदिरांना आहे. आठवड्याची सुट्टी चाकणमध्ये सगळीकडे रविवारीच असते असे नाही. म्हणून आधी आसपासच्या कंपन्यांची सुट्टी आणि शिफ्ट विचारून मगच वेळ ठरवावी. एक टेबल, दोन विद्यार्थी, एक वही आणि महिन्यातून दोनदा येणारे एक वकीलसाहेब एवढ्यावर हे चालते. देहूरोडच्या धम्मभूमीवर बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या दिवशी दरवर्षी मोठी गर्दी होते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे कागद तपासून देणारे एक टेबल सहज लागू शकते. फ्लेक्स, हारतुरे, तासभर भाषण आणि चहा म्हणजे विधी साक्षरता शिबिर झाले, अशी समजूत मात्र सोडून द्यावी. कार्यक्रम संपल्यावर ज्याच्या हातात अर्जाची पोच आहे असा एकही माणूस नसेल, तर ते केंद्राचे काम नव्हे.

पैसे घेऊ नयेत, प्रवासखर्चाच्या नावानेही नाही. भरपाईत टक्केवारी मागणारे दलाल फिरतात, वकिलांनाही तशी टक्केवारी घेण्यास मनाई आहे, हे कामगाराला पहिल्याच दिवशी सांगावे. पक्षकाराचा फोटो किंवा कागद ग्रुपवर टाकू नये. मूळ कागद ठेवून घेऊ नयेत, प्रत काढून लगेच परत द्यावेत.

कॉलेजमध्ये केंद्र फक्त फलकावर असेल तर पाच-सहा विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात २००८ च्या नियमांचा उल्लेख करावा, देखरेख करणारे प्राध्यापक कोण, वकिलांची यादी कुठे आहे आणि मागच्या वर्षी किती प्रकरणे घेतली हे विचारावे. केंद्रातले आठवडे इंटर्नशिपमध्ये धरले जातील का, हेही लेखी घ्यावे. शासकीय किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नये.