सिहोरची शाळा आणि पृथ्वीचा गोल

भोपाळहून इंदूरकडे येताना चाळीसेक किलोमीटरवर सिहोर लागते. आज हे गाव शरबती गव्हासाठी माहीत आहे. १८३०च्या दशकात मात्र तिथे वेगळेच पीक घेतले जात होते. पृथ्वी गोल आहे हे मुलांना कुठल्या भाषेत आणि कुणाच्या आधाराने शिकवायचे, याचा प्रयोग तिथल्या शाळेत चालू होता. त्यातली दोन ठळक नावे आपल्या मराठीची आहेत. माळव्यातल्या मराठी घरांतही ही हकीकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून हे टिपण.

लान्सलॉट विल्किन्सन हे मुंबई इलाख्याच्या सेवेतले अधिकारी भोपाळ दरबाराचे पोलिटिकल एजंट होते, आणि त्यांचे ठाणे सिहोरला होते. त्यांना एक गोष्ट लक्षात आली. विलायती पुस्तक पुढे करून पृथ्वी गोल आहे असे सांगितले, तर शास्त्रीमंडळी ते साहेबाचे मत म्हणून बाजूला ठेवतात. पण हीच गोष्ट भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’त लिहून ठेवलेली आहे. मग शिकवण्याची सुरुवात तिथूनच का करू नये? १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी हा विचार मांडला. आधी पुराणांतली सपाट पृथ्वी, मग सिद्धांतांतली गोल पण स्थिर पृथ्वी, आणि शेवटी कोपर्निकसची फिरणारी पृथ्वी, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी होती.

ही शिडी मराठीत आणली सुबाजी बापू यांनी. विल्किन्सनच्या सोबतचे हे विद्वान शास्त्री. त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ १८३६ साली निघाला. त्यात तिन्ही मते शेजारी शेजारी मांडून तपासलेली आहेत. खळबळ व्हायची ती झालीच. पुराण आणि ज्योतिष यांच्यात विरोध नाहीच, असे सांगणारा ‘अविरोधप्रकाश’ पुण्याच्या यज्ञेश्वर रोडे यांनी लिहिला, आणि सुबाजींनी त्यालाही उत्तर दिले. ओंकार भट्टांनी तोच विषय हिंदीत उतरवला. त्यांचे ‘भूगोलसार’ १८४१ साली आग्र्याहून निघाले.

सुबाजी साहेबाचे होयबा होते, असे मात्र समजू नका. जातिभेदावर टीका करणारी ‘वज्रसूची’ विल्किन्सननी १८३९ मध्ये छापली, तेव्हा तिच्यासोबत सुबाजींनी आपले संस्कृत खंडनही जोडले. म्हणजे आकाशाच्या बाबतीत ते नवे मत घ्यायला तयार होते, समाजाच्या बाबतीत नव्हते. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकायलाच हवे. विल्किन्सनचा हेतूही निव्वळ खगोलाचा नव्हता. पुराणांवरची श्रद्धा सैल व्हावी, हेही त्यांना हवे होते. तरीही शिकवण्याची पद्धत म्हणून या शिडीचे मोल उरतेच.

दुसरे नाव बापूदेव शास्त्री यांचे. जन्म १८२१, घराणे नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोके गावचे. नागपूरला लीलावती आणि बीजगणित शिकत असताना विल्किन्सनच्या नजरेला हा मुलगा पडला. १८३८ मध्ये त्यांनी त्याला सिहोरला आणले. तिथे तो युक्लिडची भूमिती शिकला. पुढे बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि हिंदीत गणिताची पुस्तके त्यांनी लिहिली. विल्किन्सन १८४१ मध्ये वारले. त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनीच तपासून दिले आणि ते १८६१ मध्ये कलकत्त्यात निघाले. सिहोरच्या शाळेचे ऋण असे फेडले गेले.

आता मुद्द्याचे. भास्कराचार्य मुलांना शिकवायला चांगले का? कारण ते नुसते सांगत नाहीत, युक्ती देतात. पृथ्वी सपाट दिसते, कारण माणूस फार लहान आणि वर्तुळ फार मोठे. मोठ्या वर्तुळाचा छोटा तुकडा सरळच भासतो. पृथ्वीला कुणी उचलून धरले आहे म्हणाल, तर त्या आधाराला आधार कोणाचा? आणि माप कसे काढायचे? उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे, म्हणजे साडेबावीस अंशांवर. तेवढे अंतर मोजा आणि सोळाने गुणा. त्यांनी परीघ ४,९६७ योजने दिला आहे. उज्जैनचे अक्षांश आपण आज २३.२ धरतो, तेव्हा फरक पाऊण अंशाच्या आतबाहेर.

मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे मोजून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या मराठी वस्त्यांचा नकाशा यासाठी फार सोयीचा आहे. ग्वाल्हेर आणि हैदराबाद जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधा, पट्टीच्या कडेवरून ध्रुव बघा. ग्वाल्हेरच्या मुलाला ध्रुव क्षितिजावर सुमारे २६ अंश दिसेल, हैदराबादच्या मुलीला सुमारे १७. फरक ९ अंश. दोन्ही शहरांतले सरळ अंतर साधारण ९८० किलोमीटर. नऊचे चाळीस तुकडे म्हणजे पूर्ण वर्तुळ. ९८० गुणिले ४० म्हणजे ३९,२०० किलोमीटर. खरा आकडा ४०,००० च्या आसपास! एका अंशाची चूक झाली, तर उत्तर ३५,००० किंवा ४४,००० येईल. तेही बिघडत नाही. चूक किती आणि कशामुळे हे शोधणे, हाच तर विज्ञानाचा पहिला धडा.

आज प्राथमिक शाळेत टेबलावर पृथ्वीगोल असतो आणि वहीत एक ओळ: पृथ्वी गोल आहे. मूल ती पाठ करते, पेपरात लिहिते, गुण मिळवते. ‘कशावरून?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. सीमाभागातल्या किंवा बडोद्याच्या मराठी मुलाला तर ती ओळही बऱ्याचदा घरच्या भाषेत मिळत नाही. त्याच्या घरी पंचांग आहे, ग्रहणाची वेळ मिनिटांपर्यंत त्यात छापलेली आहे. ती वेळ कशी काढली, एवढे विचारायला शिकवले, तरी सिहोरची शिडी पुन्हा उभी राहील. ग्वाल्हेर आणि हैदराबादच्या दोन शाळांनी येत्या हिवाळ्यात, आकाश स्वच्छ असताना, एकाच रात्री ध्रुव मोजावा आणि आकडे एकमेकांना कळवावेत. खर्च एका कोनमापकाचा.