मौजे कोलेकल्याण

वाकोल्यातील जुने घर, विहीर व लगतची भाजीची वाडी विक्रीस निघाली म्हणजे खरेदीखतात गावाचे नाव येते ते ‘मौजे कोलेकल्याण’. हे अवघे गावच पूर्वी एकदा सौद्यात गेले होते. १८०८ साली कंपनी सरकारने मुंबईच्या कोटातील जागेच्या मोबदल्यात कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार आदी गावांसह ते होरमसजी बमनजी वाडिया यांस दिले. कोटातल्या तुकड्यासाठी सात गावे! नांगर धरणाऱ्यास कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. साष्टीतील अशा इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने संपली. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुनी दस्तावेजे, पावत्या असतील त्यांनी विक्रीपूर्वी त्यांच्या नकला अवश्य करून ठेवाव्यात. मूळ कागद बहुधा घराबरोबरच जातात.