हातभर खेळण्यातला रोबो अंगावर चढवायचा, तर चिलखत बनतं कसं?

जपानमध्ये १९७९ साली 'मोबाइल सूट गंडम' ही कार्टून मालिका आली. पुढच्याच वर्षी, जुलै १९८० मध्ये, बंदाई कंपनीने त्यातल्या रोबोचं प्लॅस्टिक किट बाजारात आणलं. किंमत ३०० येन. फ्रेममधून भाग कापायचे, जोडायचे, रोबो तयार. या छंदाला 'गनप्ला' म्हणतात. तो करत मोठी झालेली काही मंडळी आता हाच रोबो अंगावर घालण्याच्या मापात बनवतात.

कथेतला गंडम १८ मीटर उंच. तो १४४ पट लहान केला की साडेबारा सेंटिमीटरचं किट होतं. मग हे किट १६ पट मोठं केलं की झाला दोन मीटरचा पोशाख? इथेच गणित फसतं. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही १६ पट वाढली की वजन ४०९६ पट होतं. २० ग्रॅमचं खेळणं ८० किलोंच्या पुढे जाईल! म्हणून प्लॅस्टिक बाद आणि ईव्हीए फोम आत. चपलांच्या तळव्यात आणि जिमच्या चटयांत असतो, तोच.

आधी कागदी साचे कापून अंगावर लावून बघतात. मग फोम कापायचा, हीट गनने गरम करून वाकवायचा. चिकटवताना दोन्ही कडांना गोंद लावून तो थोडा सुकू द्यायचा आणि मग दाबायचं. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. गोंदाचा आणि तापलेल्या फोमचा वास वाईट, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि तोंडावर योग्य मास्क हवाच. रंगाआधी रबरासारखा लवचीक थर देतात, नाहीतर वाकताना रंग तडकतो.

खरी डोकेदुखी मापांची. रोबोचं डोकं खांद्यांच्या मानाने लहान, माणसाचं तसं नाही. आधी डोकं मावेल एवढं हेल्मेट ठरतं आणि बाकी धड त्या हिशोबाने फुगवावं लागतं. गुडघा मात्र गुडघ्यावरच यायला हवा, नाहीतर पाऊल उचलणार नाही. म्हणून जास्तीची उंची जाड तळव्यांच्या बुटांतून काढतात. वजन पट्ट्यांनी खांद्यांवर आणि कमरेवर वाटून देतात.

फोम उष्णता अडवतो, त्यामुळे आतला माणूस घामाने निथळतो. हेल्मेटमध्ये पॉवर बँकेवरचे छोटे पंखे बसवतात, पण चक्कर आली तर त्यांचा उपयोग नाही. समोरचं अर्धवट दिसतं, खाली तर काहीच नाही, आणि बसताही येत नाही. म्हणून सोबत एक माणूस लागतोच: पाणी पाजायला, पायऱ्या सांगायला आणि गरज पडली तर बकल पटापट सोडवून हेल्मेट आणि छाती आधी उतरवायला.