गिटारसाठी मल्टी-इफेक्ट पेडल घ्यायचंय? इफेक्ट मोजू नका, आधी हे प्रश्न विचारा

इलेक्ट्रिक गिटार घेतली. सोबत मिळालेल्या छोट्या अ‍ॅम्पला जोडली. आणि आठवड्याभरात लक्षात आलं की रीलमध्ये ऐकलेला आवाज काही आपल्या गिटारमधून निघत नाहीये.

मग शोधाशोध सुरू होते. कुणीतरी सांगतं, ‘पेडल घे’. बघायला गेलं तर एकेका इफेक्टचं वेगळं पेडल, प्रत्येकाची वेगळी किंमत. आणि त्यांच्या शेजारीच एक डबा, ज्यावर लिहिलेलं असतं : शेकडो इफेक्ट, स्क्रीन, लूपर, ट्यूनर, सगळं एकात. हेच ते मल्टी-इफेक्ट पेडल. पहिली नोकरी लागलेला किंवा पॉकेटमनी साठवणारा कुणीही इथेच थांबतो आणि ज्या डब्यावरचा आकडा मोठा, तो उचलतो.

चूक नेमकी तिथेच होते. मीही ती केली आहे, तो किस्सा पुढे सांगतो. आधी मुळापासून समजून घेऊ.

इफेक्ट म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. गिटारची तार थरथरली की पिकअपमध्ये छोटासा विद्युत सिग्नल तयार होतो. अ‍ॅम्पपर्यंत पोहोचण्याआधी त्या सिग्नलमध्ये केलेला बदल म्हणजे इफेक्ट.

पहिल्या गाजलेल्या इफेक्टपैकी एक तर बिघाडातून जन्माला आला. मार्टी रॉबिन्सचं १९६१ साली आलेलं ‘डोंट वरी’ हे गाणं अमेरिकेत नॅशव्हिलला रेकॉर्ड होत असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनलमध्ये दोष होता. त्यामुळे सोलोचा आवाज फाटका आणि खरखरीत आला. तो बदलण्याऐवजी तसाच ठेवला गेला. लोकांना तो आवडला आणि १९६२ मध्ये तसाच आवाज काढणारं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि फझ जगभर पोहोचला.

आज इफेक्ट शेकडो असले तरी त्यांची घराणी मोजकीच आहेत :

- ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ : आवाज मुद्दाम फाडणारे. ‘रॉकस्टार’मधल्या ‘साड्डा हक’मध्ये ओरिआंथीने वाजवलेली गिटार आठवा, तो प्रकार.
- डिले आणि रिव्हर्ब : डिले म्हणजे गडावर कड्यासमोर हाक मारल्यावर परत येणारा आवाज. रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यावर येतो तसा घुमार.
- कोरस, फ्लँजर, फेझर : आवाजाला लाटा देणारे.
- वाह : पायाने पेडल दाबत-सोडत गिटारला जणू ‘वाव वाव’ बोलायला लावणारा.
- कम्प्रेसर, इक्वलायझर, नॉइज गेट : आवाज आटोक्यात ठेवणारे. डब्यावर यांची जाहिरात कमी असते, पण काम सगळ्यात जास्त हेच करतात.

मग मल्टी-इफेक्ट कुठून आलं?

जपानच्या बॉसने १९७७ पासून एकेका इफेक्टची छोटी पेडलं आणली. त्यातलं १९७८ चं केशरी डीएस-१ डिस्टॉर्शन आजही विकलं जातं. १९८८ मध्ये याच कंपनीने एमई-५ आणलं. त्यात अनेक इफेक्ट एकाच डब्यात होते आणि जमवलेली सेटिंग साठवून ठेवता येत होती. अशा साठवलेल्या सेटिंगला पॅच किंवा प्रीसेट म्हणतात.

पुढची उडी १९९८ ची. लाइन ६ कंपनीचं लाल रंगाचं ‘पॉड’ आलं आणि इफेक्टसोबत अ‍ॅम्पचीही डिजिटल नक्कल करू लागलं. याला अ‍ॅम्प मॉडेलिंग म्हणतात. आजचं जवळपास प्रत्येक मल्टी-इफेक्ट हेच करतं. म्हणजे तुम्ही विकत घेताय तो गिटारचा आवाज घडवणारा एक छोटा संगणक.

प्रश्न पहिला : आवाज कुठून बाहेर येणार?

खरेदीआधी विचारायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साध्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज तो बराच कापून टाकतो. डिस्टॉर्शनमधली कर्कश खरखर त्यामुळे गाळली जाते. तेच डिस्टॉर्शन थेट हेडफोनवर किंवा कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमवर सोडलं तर माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो.

यावर उपाय म्हणून मल्टी-इफेक्टमध्ये ‘कॅब सिम्युलेशन’ असतं. ते गिटार स्पीकरच्या खोक्याची नक्कल करतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ‘आयआर’ म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स ही फाइलही भरता येते. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला तो एक प्रकारचा ठसाच.

नियम सोपा आहे :

- हेडफोन, लॅपटॉप किंवा साउंड सिस्टिमला जोडताय? कॅब सिम्युलेशन चालू.
- खऱ्या गिटार अ‍ॅम्पला जोडताय? कॅब सिम्युलेशन बंद. नाहीतर नकली स्पीकरचा आवाज खऱ्या स्पीकरमधून जातो आणि गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते.

‘पेडल भंगार आहे’ म्हणून विकायला काढणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं या एका सेटिंगमध्ये असतं.

त्यामुळे तुम्ही प्रामुख्याने घरी हेडफोनवर वाजवणार असाल तर अ‍ॅम्प मॉडेल आणि कॅब चांगले असलेलं पेडल घ्या. उत्तम अ‍ॅम्प आधीच असेल तर अ‍ॅम्प मॉडेलच्या लांबलचक यादीसाठी पैसे मोजू नका.

प्रश्न दुसरा : एका वेळी किती इफेक्ट चालतात?

डब्यावर शंभर इफेक्ट लिहिलेत. छान. पण एका पॅचमध्ये एकत्र किती लावता येतात? तो खरा आकडा.

उदाहरणार्थ, झूमच्या जी१ फोरमध्ये ७० हून अधिक इफेक्ट आहेत, पण एका वेळी चालतात पाच. आता मोजा : नॉइज गेट, ओव्हरड्राइव्ह, अ‍ॅम्प, डिले, रिव्हर्ब. झाले पाच. शिकणाऱ्याला एवढं पुरतं. पण कोरस आणि कम्प्रेसरही हवा असेल तर काहीतरी काढावं लागेल.

ही मर्यादा प्रोसेसरच्या ताकदीवर ठरते. कधी कधी सॉफ्टवेअर अपडेटने ती वाढतेही. लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पमध्ये सुरुवातीला सहा ब्लॉक लावता यायचे, २०२० च्या अपडेटनंतर आठ. म्हणून कंपनी जुन्या मॉडेलला अपडेट देते का, हे बघूनच पैसे घाला.

प्रश्न तिसरा : पायाखाली किती बटणं आहेत?

घरी वाजवताना हात मोकळा असतो, वाकून सेटिंग बदलता येतं. स्टेजवर दोन्ही हात गिटारवर असतात. तिथे तुमच्याकडे फक्त पाय.

दोनच फूटस्विच असतील तर साधारणपणे एक पुढचा पॅच, एक मागचा पॅच. पहिल्यावरून चौथ्यावर जायचं तर मधले दोन तुडवत जावं लागतं. बँडमध्ये वाजवायचं असेल तर निदान तीन-चार फूटस्विच बघा. वाह किंवा व्हॉल्यूमसाठी एक्स्प्रेशन पेडल लागतं. ते डब्यावरच आहे, की वेगळं जोडायची सोय आहे, की दोन्ही नाही, हे तपासा.

आणखी एक छोटी चाचणी. कॉर्ड वाजवा, ती घुमत असतानाच पॅच बदला. आवाज क्षणभर तुटतो का? डिलेची शेपटी कापली जाते का? गाण्याच्या मध्ये ही फट चांगलीच ऐकू येते.

प्रश्न चौथा : यूएसबी कशासाठी आहे?

यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. काही पेडलांमध्ये ते फक्त अपडेट करायला आणि पॅच हलवायला असतं. काहींमध्ये पेडल थेट ऑडिओ इंटरफेस म्हणून चालतं, म्हणजे केबल लॅपटॉपला लावली की गिटार रेकॉर्ड.

बॉसचं जीटी-१ दुसऱ्या प्रकारातलं. झूमचं जी१ फोर पहिल्या. दोन्ही सुरुवात करणाऱ्यांची आवडती पेडलं. पण कव्हर रेकॉर्ड करून टाकायचं असेल तर जी१ फोरसोबत वेगळा इंटरफेस घ्यावा लागेल आणि तो खर्च आधीच हिशेबात धरायला हवा.

प्रश्न पाचवा : वीज कुठून घेणार?

बहुतेक छोट्या पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि अ‍ॅडॉप्टरच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. इतर अनेक घरगुती अ‍ॅडॉप्टरमध्ये तो धन असतो. म्हणून ‘पिन बसली ना, मग चालेल’ हा हिशेब महागात पडू शकतो. व्होल्टेज, धन-ऋण आणि मिलीअँपिअर या तिन्ही गोष्टी जुळवा. अ‍ॅडॉप्टरचे मिलीअँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी असले तर नाही.

जीटी-१ आणि जी१ फोर ही दोन्ही पेडलं चार डबल-ए सेलवरही चालतात. जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे ही मोठी सोय आहे.

आता सुरक्षेचं. डिस्टॉर्शन लावलं की गिटारमधून ‘हंऽऽ’ असा आवाज वाढतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ती पिकअपमध्ये शिरते. नॉइज गेट, चांगली केबल, अ‍ॅम्पपासून थोडं लांब उभं राहणं, हे उपाय करा. पण हम जावी म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. अर्थिंग नसलेल्या मंडपात गिटारची तार हातात आणि माइक ओठांना लागला तर जिवावर बेतू शकतं. प्लग लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला अर्थिंगबद्दल विचारायची लाज वाटू देऊ नका.

आता माझा किस्सा

कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी महिनाभर रात्री हेडफोनवर पॅच बनवले. बेस भरपूर, ट्रेबल चमकदार, मधला भाग जवळजवळ शून्य. खोलीत आवाज जबरदस्त वाटायचा. स्टेजवर सोलोचा पॅच दाबला आणि मी गायबच झालो. ड्रम ऐकू येत होते, बेस ऐकू येत होता, माझी बोटं हलताना दिसत होती. समोर बसलेल्या भावाने नंतर विचारलं, “तुझी केबल निघाली होती का?”

केबल निघाली नव्हती. पेडलचाही दोष नव्हता. आपला कान कमी आवाजात बेस आणि खूप वरचे स्वर कमी ऐकतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल लॅब्जच्या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. हळू आवाजात आपण ते दोन्ही वाढवून ठेवतो. आवाज मोठा झाला की बेस गदगदतो, ट्रेबल टोचतो. आणि गिटार बँडमध्ये ज्या मधल्या पट्ट्यात ऐकू येते, तोच मी कापून टाकला होता.

म्हणून पॅच शक्यतो ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात तपासा. मिड ठेवा. सोलोचा पॅच बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा ठेवा. आणि हे सगळं बँडसोबत सरावात करा, कार्यक्रमाच्या दिवशी नाही.

दुकानात किंवा सेकंड हँड घेताना

- स्वतःची गिटार न्या. दुकानातली महागडी गिटार कुठल्याही पेडलवर छान वाजते.
- फॅक्टरी पॅचवर भाळू नका, ते दाखवण्यासाठीच बनवलेले असतात. रिकाम्या पॅचवर एक स्वच्छ आवाज, एक ओव्हरड्राइव्ह आणि एक सोलो स्वतः बनवून बघा. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर घरीही त्रास होईल.
- वापरलेलं पेडल असेल तर प्रत्येक फूटस्विच दहा वेळा दाबा, नॉब फिरवताना खरखर होते का ऐका, जॅक हलवून बघा, स्क्रीनच्या रेषा तपासा.
- मूळ अ‍ॅडॉप्टर मिळतोय का, ते विचारा.

मग घ्यायचं की नाही?

तुम्हाला काय आवडतं हेच अजून ठरलं नसेल तर मल्टी-इफेक्ट उत्तम. एका पेडलच्या किंवा फार तर दोन-तीन पेडलांच्या पैशात सगळी घराणी वाजवून बघता येतात. पण तुम्हाला फक्त एक ओव्हरड्राइव्ह आणि थोडा डिले हवा असेल आणि अ‍ॅम्प चांगला असेल, तर दोन साधी पेडलं जास्त सुख देतील. स्क्रीन नाही, मेन्यू नाही, नॉब फिरवला की आवाज बदलला.

आणि बजेट अगदी तुटपुंजं असेल तर आधी नव्या तारा, बरी केबल आणि गिटारचं सेटअप. सुरात नसलेली गिटार शंभर इफेक्टमधून गेली तरी बेसूरच वाजते.